चिंचेवरची पिल्लं आणि गावचे फटाके : कधी, कुठे, काय करायचं

आमच्या गावात एसटी स्टँड आणि तळं यांच्या मधे जुन्या चिंचेची तीन झाडं आहेत. पावसाळा लागला की त्यांच्यावर बगळ्यांचं गाव वसतं. गायबगळे, छोटे बगळे, ढोकरी, अधूनमधून रातढोकरी. अशा सामूहिक घरट्यांच्या जागेला मराठीत सारंगागार असा देखणा शब्द आहे. स्टँडवरचे लोक मात्र त्याला ‘घाण झाड’ म्हणतात, आणि त्यांचंही काही चुकत नाही, कारण खाली उभं राहिलं की छत्री लागते.

काही वर्षांपूर्वी विसर्जनाची शेवटची मिरवणूक नेमकी या झाडांखाली अडकली. पुढचं मंडळ हलेना, मागच्याला वेळ घालवायचा होता. मग आकाशात फुटणाऱ्या फटाक्यांचे खोके निघाले आणि वीसेक मिनिटं झाडाच्या शेंड्यावरच बार उडत राहिले. सकाळी खाली पिल्लं पडलेली होती. मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडून दिली. काही जिवंत होती, कावळे आधीच पोचले होते. त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच काय करायचं ते माहीत नव्हतं. पुढच्या काही वर्षांत चुकत-माकत जे शिकलो ते इथे लिहितो आहे.

एक आधीच सांगतो. हा लेख ‘फटाके बंद करा’ असं सांगणारा नाही. तो वाद गावात काढला की झाड बाजूला राहतं आणि धर्म, परंपरा, तुम्ही कोण सांगणारे, इथे गाडी जाते. आम्ही एकच मागणी करतो : या झाडाजवळ नको, या आठवड्यात नको. ही मागणी लहान आहे, म्हणून ती मान्य होते.

दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा

पक्ष्यांसाठी काही करायचं म्हटलं की लोकांना दिवाळी आठवते. पण घरट्यांच्या हिशेबाने दिवाळी हा फक्त एक दिवस आहे, आणि बगळ्यांच्या बाबतीत तो सर्वांत वाईट दिवसही नाही. एक वही घ्या. एका पानावर गावातले आवाजाचे दिवस लिहा : दहीहंडी, गणपतीचं आगमन, विसर्जन, नवरात्र, दिवाळी, तुळशीची लग्नं, लग्नाच्या तिथी, ३१ डिसेंबर, ग्रामदैवताची जत्रा, निवडणुकीचे निकाल. क्रिकेटचा अंतिम सामनाही लिहा, थट्टा नाही. शेजारच्या पानावर घरटी लिहा.

महाराष्ट्रात घरट्यांचे ढोबळमानाने तीन हंगाम आहेत. पहिला पावसाळी, जूनच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत. यात बगळे, ढोकरी, पाणकावळे, शराटी येतात, तशाच विहिरीवरच्या बाभळीला लोंबणाऱ्या सुगरणीच्या खोप्यांच्या वसाहती. या हंगामाची टक्कर गणपतीशी होते. २०२६ मध्ये अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे. तेव्हा सारंगागारात उशिरा बसलेल्या जोड्यांची पिल्लं अजून उडायची असतात, आणि विसर्जनाचं तळं बहुधा तेच असतं ज्याच्या काठी हे झाड आहे.

दुसरा हिवाळी. घारी सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच काड्या जमवू लागतात. रायगड जिल्ह्यात म्हसळा-श्रीवर्धन भागात पांढऱ्या पाठीची गिधाडं उंच झाडांवर घरटी करतात, तीही याच सुमाराला. कोकण किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, ज्याला काही ठिकाणी काकण म्हणतात, तोही आपलं जुनं घरटं डागडुजी करून वापरायला काढतो. पिंगळ्याचा हंगाम नोव्हेंबरपासून. या पक्ष्यांना दिवाळी नेमकी सुरुवातीला गाठते, आणि ही सुरुवातच नाजूक असते. घरटं बांधताना किंवा अंडं नुकतंच घातलेलं असताना पक्षी जागा चटकन सोडतो, पिल्लं मोठी झाली की सहसा सोडत नाही. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. ते गेलं की त्या जोडीचं वर्ष गेलं.

तिसरा उन्हाळी, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत : पोपट, तांबट, धनेश, बुलबुल, वेडा राघू, माळावर उघड्यावर अंडी घालणारी टिटवी. इंदापूर तालुक्यातल्या भादलवाडीच्या तलावात चित्रबलाकांची वसाहत भरते तीही उन्हाळ्याच्या बाजूला. या हंगामाच्या वाट्याला लग्नाच्या वराती आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांची शोभेची दारू येते. याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

आता दिवाळीबद्दल एक बारकावा. आपले सण चांद्रमासावर चालतात, त्यामुळे दिवाळी पुढे-मागे होते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. बगळ्यांना चंद्र कळत नाही, त्यांना पाऊस कळतो. लवकर आलेली दिवाळी आणि लांबलेला पाऊस असं वर्ष आलं की चिंचेवर लक्ष्मीपूजनालाही पिल्लं असतात. नोव्हेंबरातल्या दिवाळीत तीच झाडं जवळजवळ रिकामी असतात. म्हणजे दरवर्षी तेच पत्रक वाटून भागत नाही, दरवर्षी झाड बघावं लागतं.

झाड बघणं

सारंगागार शोधायला डोळ्यांआधी नाक आणि कान पुरतात. जमिनीवर चुन्यासारखा पांढरा सडा, माशांचा कुजका वास आणि दिवसभर चाललेली घशातली ‘टिक-टिक, कॅक-कॅक’. घुबडांसाठी झाडाच्या ढोलीखाली किंवा वाड्याच्या पोटमाळ्याखाली केस-हाडांचे गोळे पडलेले दिसतात. घुबड न पचलेला भाग तसा ओकून टाकतं. घारीचं घरटं उंच झाडाच्या फांदीच्या बेचक्यात असतं, त्यात प्लॅस्टिक, चिंध्या, कधी तारही विणलेली असते.

वर चढायचं नाही. ड्रोन उडवायचा नाही. पक्ष्यांना तो शिकारी पक्ष्यासारखा वाटतो, आणि आपण फटाक्यांपासून वाचवायला निघून स्वतःच त्यांना उठवतो. दुर्बीण घेऊन रस्त्याच्या पलीकडून अर्धा तास उभं राहिलं तरी पुरेसं कळतं. पक्षी चोचीत काडी घेऊन येतोय, म्हणजे बांधकाम चाललंय. पक्षी तासन्‌तास एका जागी दबून बसलाय, जोडीदार आला की दोघांची अदलाबदल होते, म्हणजे अंडी आहेत किंवा पिल्लं अगदी लहान आहेत. घरट्यातून सतत कलकलाट येतोय, मोठे पक्षी येऊन-जाऊन आहेत, म्हणजे पिल्लं वाढलीत. विस्कटलेल्या पिसांची पिल्लं घरटं सोडून फांद्यांवर सरकताना दिसताहेत, तर सर्वांत जास्त पडझड होण्याचा काळ हाच. त्यांना चढता येतं, पकडता येतं, पण उडता येत नाही. मोठा आवाज झाला की ती दचकून सरकतात आणि खालीच येतात.

हिशेबासाठी गायबगळा धरा. अंडी उबवायला साधारण २४ दिवस, पिल्लू फांदीवर यायला त्यानंतर तीनेक आठवडे, नीट उडायला आणखी दोनेक. म्हणून आमचा नियम असा : त्या झाडावर काडी नेणारा पक्षी शेवटचा ज्या दिवशी दिसला, तिथून दोन महिने मोजायचे. झाडावरच्या सगळ्या जोड्या एकदम बसत नाहीत, त्यामुळे पहिल्या नव्हे, शेवटच्या तारखेपासून मोजायचं. त्या दोन महिन्यांत आवाजाचा कोणता दिवस येतो ते शेजारच्या पानावर दिसतंच.

नोंदी गावाला जरूर सांगा, पण गिधाड, गरुड आणि घुबड यांच्या जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. घुबडांच्या बाबतीत तर अजिबात नाही. दिवाळीच्या सुमाराला जादूटोण्याच्या खुळापायी घुबडं पकडली जातात. फटाक्यांपासून वाचवायच्या नादात आपण मांत्रिकाला पत्ता देऊन बसू.

आवाज किती लांब जातो

आपल्याकडच्या नियमानुसार फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका चालत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ८ मीटरवर ११९, १६ वर ११३, ३२ वर १०७, ६४ वर १०१, सव्वाशे मीटरवर ९५ आणि अर्ध्या किलोमीटरवरही ८० च्या वर. आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. हा हिशेब नियमात बसणाऱ्या फटाक्याचा आहे. यात्रेतल्या गरनाळीचा आवाज मी मोजलेला नाही, मोजायला जवळ जायची इच्छाही नाही.

प्रत्यक्षात घरं, भिंती, झाडी आवाज अडवतात, पण तो जमिनीवर फुटला तर. इथेच सुतळी बॉम्बपेक्षा आकाशातला फटाका जास्त घातक ठरतो. तो झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर किंवा थोडा वर फुटतो, मधे काही आडोसा नाही, सोबत डोळे दिपवणारा झोत आणि खाली येणाऱ्या ठिणग्या. म्हणून कोणी विचारलं, ‘सगळंच नको म्हणताय का?’ तर क्रम सांगावा : आधी आकाशातले खोके आणि बाण हटवा, मग माळा आणि बॉम्ब. फुलबाजी, भुईचक्र यांना आम्ही शंभर मीटरच्या पुढे कधीच अडवलं नाही.

हरित फटाक्यांबद्दल लोकांचा गैरसमज आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने ते तयार झाले, त्यांच्यातून निघणारे धूलिकण साधारण ३० टक्क्यांनी कमी असतात. हवेसाठी ते चांगलंच आहे. पण हरित म्हणजे बिनआवाजी नव्हे. खोक्यावरची हिरवी खूण बघून पिल्लू दचकायचं थांबत नाही.

ढोल-ताशा? प्रामाणिक उत्तर असं की तोही त्रास आहे, पण रस्त्याकाठच्या झाडावर घरटं करणारे पक्षी हॉर्न आणि गर्दी यांना बऱ्यापैकी सरावलेले असतात. अचानक, अनियमित, उजेडासकट येणाऱ्या स्फोटाला ते सरावत नाहीत. सगळं एकदम मागितलं की काहीच मिळत नाही. आम्ही ढोल सोडला, फटाके धरले. झाडावर लेझरचे झोत मारू नका एवढं अलीकडे वाढवलं आहे.

रात्री नेमकं काय होतं

हे समजून घेतलं की मंडळाच्या पोरांशी बोलताना उपयोग होतो. नेदरलँड्समध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री हवामानाच्या रडारवर पक्षी मोजले गेले, तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा वाजल्यावर काही मिनिटांत हजारो पक्षी उठले, ५०० मीटर उंचीपर्यंत गेले आणि किमान पाऊण तास हवेत राहिले. ते हिवाळ्यातले, घरट्यांची जबाबदारी नसलेले पक्षी होते. आपल्या चिंचेवर तसंच झालं तर मागे अंडी आणि उघडी पिल्लं राहतात. दिवसा वावरणाऱ्या बगळ्याला अंधारात नेमक्या आपल्या फांदीवर परत उतरणं सोपं नसतं. पाऊस चालू असेल तर पिसं न आलेलं पिल्लू अंग गार पडून मरतं, कारण पहिल्या दिवसांत त्याला स्वतःची ऊब स्वतः टिकवता येत नाही. उठतानाच्या धडपडीत अंडी ढकलली जातात. पहाटे कावळे येतात, खाली कुत्री आणि मांजरं असतातच.

घरट्यांवरच्या परिणामाचं एक गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या ग्वालाला गावचं आहे. तिथे समुद्रातल्या बेटावर पाणकावळ्यांची एक जात घरटी करते. २००७ च्या जुलैत किनाऱ्यावरून आतषबाजी झाली, तेव्हा पक्ष्यांवर लक्ष ठेवलेलं होतं. पक्षी उठले, काही घरटी कायमची सुटली. राज्याच्या किनारपट्टी आयोगाने ती आतषबाजी थांबवायला लावली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१० मध्ये निकाल आयोगाच्या बाजूने लागला.

पण आपल्या लोकांना मी हे उदाहरण देत नाही, मी तमिळनाडूचं देतो. शिवगंगा जिल्ह्यात वेट्टंगुडी पक्षी अभयारण्याशेजारच्या कोल्लुकुडिपट्टी आणि वेट्टंगुडिपट्टी या गावांनी कित्येक दशकं दिवाळीला फटाके उडवलेले नाहीत. तळ्यावर घरटी करायला येणारे करकोचे, बगळे उठू नयेत एवढ्यासाठी. लग्नातही नाही, देवळाच्या उत्सवातही नाही. वनखातं दिवाळीला गावकऱ्यांना मिठाई वाटतं. हे ऐकल्यावर ‘हे सगळं परदेशी फॅड आहे’ हा मुद्दा आपोआप मिटतो.

कोणाशी बोलायचं, कसं बोलायचं

पत्रकं छापण्याआधी एक प्रश्न : त्या झाडाखाली फटाका पेटवणारा हात कोणाचा आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर चार-पाच माणसांत संपतं. मिरवणुकीची सूत्रं हातात असलेला मंडळाचा कार्यकर्ता, शेजारच्या मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक, वरातीचं कंत्राट घेणारा बँडवाला, सोसायटीचा सचिव, जत्रेत दारूकाम करणारा कारागीर. या माणसांना स्वतः भेटा, चहा घ्या. अध्यक्षाच्या नावाने पत्र पाठवून भागत नाही. मिरवणुकीत अध्यक्ष पुढच्या गाडीवर असतो, खोकं मागच्या टेम्पोत असतं.

वेळ महत्त्वाची. मंडळ फटाक्यांची खरेदी करायच्या आधी गेलं पाहिजे. माल आणलेला असला की तो उडणारच. म्हणजे विसर्जनासाठी गणपती बसायच्या किमान तीन आठवडे आधी, लग्नसराईसाठी कार्यालयाचं बुकिंग चालू असतानाच.

आमचं पहिलं यश मला अजून आठवतं, कारण त्यात भूतदयेचा वाटा फार थोडा होता. मिरवणूक सांभाळणाऱ्या मंडळाच्या कार्यकर्त्याला, आमच्या दादाला, गाठलं आणि म्हटलं :

“दादा, मागच्या वर्षी चिंचेखाली गाडी उभी होती तुमची.”

“होती की. त्याचं काय?”

“बार उडवल्यावर वरून काय पडलं आठवतंय का?”

तो हसायला लागला. दचकून उठणारा बगळा आधी पोट मोकळं करतो, आणि शेकडो बगळे एकदम उठले तर खालची सजवलेली गाडी, फेटे, नवे कुर्ते, सगळ्यांचा रंग बदलतो. मूर्तीवर पडलं होतं म्हणून त्याच्या आईने त्याला दोन दिवस ऐकवलं होतं. “या वर्षी स्टँडच्या अलीकडे उडवा, चिंचा ओलांडल्या की तळ्याच्या पुढच्या मैदानात परत सुरू करा,” एवढंच मी म्हणालो. त्याने ते मान्य केलं, आणि मागच्या दोन मंडळांनाही त्यानेच सांगितलं. बाहेरच्या माणसाने सांगण्यापेक्षा मंडळाच्या माणसाने मंडळाला सांगणं दहापट चालतं.

पर्यायी जागा न देता ‘इथे नको’ म्हणू नका. नकाशावर झाडाभोवती दोन वर्तुळं काढा. आतलं १०० मीटरचं, तिथे काहीच फोडायचं नाही. बाहेरचं ५०० मीटरचं, तिथे आकाशातलं आणि बॉम्ब नाही. मग बाहेरच्या वर्तुळापलीकडची एक मोकळी जागा आधीच बघून ठेवा, शाळेचं मैदान नव्हे, बाजाराचं किंवा जत्रेचं पटांगण. दाट वस्तीत ५०० मीटर जमत नाही हे मान्य आहे. तिथे २०० धरा आणि मधे इमारतींची रांग येईल अशी जागा निवडा. गिधाड किंवा समुद्री गरुडाच्या घरट्याला मात्र ५०० मीटर हे कमीत कमी समजा, तिथे तडजोड नको.

वरातीबद्दल वेगळं सांगायला हवं. नवऱ्या मुलाच्या घरच्यांना त्या दिवशी काहीही सांगायला जाऊ नका. मार खायची वेळ येते. व्यवस्थापकाला धरा. बुकिंगच्या कागदावर ‘प्रवेशद्वारापाशी झाडावर घरटी असल्याने फटाके मागच्या पटांगणात’ अशी एक ओळ छापून घेतली की काम झालं. ती ओळ कार्यालयाच्या नियमांत बसते, आणि नियमाशी कोणी भांडत नाही.

कागदपत्रं

माणसांचं बोलणं झाल्यावरच कागद काढा, उलट क्रमाने नको. पण कागद लागतोच, कारण पुढच्या वर्षी माणसं बदललेली असतात.

हाताशी तीन आधार ठेवा. पहिला, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२. त्यातल्या कलम २(१६) मधल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं हेही येतं. प्रत्येक फटाक्याला शिकार म्हणत सुटू नका, पण अर्जात हे कलम लिहिलेलं असलं की अधिकारी कागद बाजूला ठेवत नाही. दुसरा, २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम : रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके नाहीत, आणि रुग्णालय, शाळा-महाविद्यालय, न्यायालय यांच्याभोवती शासनाने जाहीर केलेल्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात केव्हाच नाहीत. आता गंमत बघा. जुनी मोठी झाडं बहुतेक शाळा, सरकारी दवाखाने आणि कोर्टांच्या आवारातच शिल्लक राहिली आहेत. तुमचं झाड अशा जाहीर झालेल्या शांतता क्षेत्रातलं असेल तर नवा नियम मागायची गरजच नाही, आहे तोच पाळायला लावा. तिसरा, सर्वोच्च न्यायालयाचा २३ ऑक्टोबर २०१८ चा निकाल : दिवाळीत रात्री ८ ते १० एवढीच वेळ, फटाक्यांच्या माळांवर बंदी. स्थानिक आदेश दरवर्षी थोडे बदलतात, त्या वर्षीचा आदेश पोलीस ठाण्यातून घ्या.

अर्ज एकच, प्रती तीन : ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, पोलीस निरीक्षक, वनपरिक्षेत्र अधिकारी. पोच शिक्का घ्यायचाच. मजकूर साधा ठेवा :

“महोदय, मौजे … येथील एसटी स्टँडलगतच्या चिंचेच्या तीन झाडांवर सध्या बगळ्यांची घरटी असून त्यांत न उडणारी पिल्लं आहेत (छायाचित्रं सोबत). दि. … रोजीची मिरवणूक या झाडांखालून जाणार आहे. झाडांपासून १०० मीटरच्या आत कोणतेही फटाके व ५०० मीटरच्या आत आकाशात फुटणारे फटाके उडवू नयेत, अशी अट मिरवणुकीच्या परवानगीत घालावी, ही विनंती. पर्यायी जागा म्हणून बाजारतळाचं पटांगण सुचवत आहोत. संबंधित मंडळांशी आमचं बोलणं झालं असून त्यांची हरकत नाही.”

शेवटचं वाक्य सर्वांत जड आहे. पोलिसांना भांडण नको असतं, तुम्ही ते आधीच मिटवून आला आहात. खेड्यात असाल तर ग्रामसभेत ठराव घ्या. जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी प्रत्येक ग्रामपंचायतीत असते, तिच्या नोंदवहीत त्या झाडाची नोंद करून घ्या. आणि मुख्याधिकाऱ्यांना तोंडी आणखी एक सांगा : सणाच्या आधीच्या साफसफाईत घाण होते म्हणून त्या फांद्या छाटू नका. फटाक्यांनी पडतात त्याहून जास्त पिल्लं एका कुऱ्हाडीने पडतात.

त्या संध्याकाळी

चार माणसं पुरतात. दोघं झाडाच्या अलीकडे, दोघं पलीकडे. अंगावर साधे कपडे, हातात फलक नको. मिरवणूक जवळ आली की ओळखीच्या कार्यकर्त्याने पुढच्याला खूण करायची. झाडाखाली मिरवणूक थांबणार नाही एवढं बघणं हेच निम्मं काम, त्यामुळे वाहतूक सांभाळणाऱ्या हवालदारांना आधीच सांगून ठेवा की कोंडी झालीच तर ती झाडाच्या अलीकडे होऊ द्या. वरती बॅटरी मारून पक्षी ठीक आहेत का ते बघायचं नाही. कोणी मुद्दाम बार उडवलाच तर वाद घालू नका. वेळ टिपा, ११२ ला फोन करा आणि सकाळच्या तयारीला लागा.

दिवाळीत पहाटेकडे लक्ष ठेवा. अभ्यंगस्नानानंतरचे पहिले फटाके सहाच्या आधीच वाजतात, आणि तीच वेळ बगळे झाड सोडायची असते. शेजारच्या बिल्डिंगमधल्या लहान मुलांना आदल्या आठवड्यात दुर्बिणीतून पिल्लं दाखवून आणा. त्या मुलांनी घरी जे सांगितलं, ते आमच्या कोणत्याही अर्जापेक्षा जास्त चाललं.

सकाळी, झाडाखाली

उजाडायच्या आधी पोचा, कावळ्यांच्या आधी. सोबत पुठ्ठ्याचे खोके (भोकं पाडलेले), जुने सुती कपडे, हातमोजे, मास्क आणि चष्मा. चष्मा विसरू नका. बगळ्याचं पिल्लू घाबरलं की भाल्यासारखी चोच थेट डोळ्यावर मारतं. मागून कापड टाकायचं, पंख अंगाशी धरायचे, एका हाताने मान मस्तकाच्या मागे हलकी पकडायची. ते खाल्लेले मासे तुमच्यावर ओकेल, रागावू नका.

मग निवड करायची. पिसं आलेलं, उभं राहणारं, दोन्ही पंख सारखे धरणारं पिल्लू त्याच झाडाच्या हाताला येईल त्या फांदीवर ठेवून लांब व्हा. बरीच पिल्लं स्वतः वर सरकतात. पिसं न आलेलं, पंख लोंबलेलं, रक्त आलेलं पिल्लू खोक्यात. खोकं अंधारं आणि उबदार हवं : बाटलीत कोमट पाणी भरून कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. दूध, पाव, पाण्याची चमच्याने धार, यातलं काहीही नको. चोचीत घातलेलं पाणी श्वासनलिकेत जातं आणि वाचलेलं पिल्लू आपल्या हातात मरतं. पिंगळ्याचं किंवा गव्हाणी घुबडाचं पिल्लू सापडलं आणि जखम नसेल तर त्याच ढोलीजवळ उंचावर ठेवा, आई-बाप रात्री येतात.

लगेच वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. पिल्लू घरी पाळायचं नाही, प्रेमानेही नाही. कायद्याने ते चालत नाही आणि माणसाळलेला बगळा पुढे जगत नाही. मेलेली पिल्लं हातमोज्यांनीच उचला, एकाच जागी बरीच मोठी पाखरंही मेलेली दिसली तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, कारण तो बर्ड फ्लूही असू शकतो. नंतर साबणाने हात.

किती पडली, किती वर ठेवली, किती पाठवली, तीन आकडे वहीत. शेजारी आदल्या रात्री कुठल्या कोपऱ्यावर काय फुटलं ते. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की नगरपरिषदेत बोलताना आवाज चढवावा लागत नाही, वही पुढे सरकवली की पुरतं.

आमच्या वहीत २०२६ च्या पानावर सध्या दोन नोंदी आहेत. २५ सप्टेंबरच्या घरात लाल रेघ आहे, आणि खाली लिहिलंय : दादाला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भेटणे, खरेदीच्या आधी. नोव्हेंबरच्या घरात फक्त एक प्रश्नचिन्ह. ते पाऊस कधी उघडतो त्यावर.